तीन सिलिंडर, एक लिटर आणि टर्बो: छोट्या इंजिनात ताकद येते कुठून?

एक लिटर पेट्रोल नीट जाळायला सुमारे ९००० लिटर हवा लागते. गाडीच्या इंजिनाबद्दल बोलताना आपलं लक्ष पेट्रोलकडे असतं, कारण पैसे त्याचे मोजावे लागतात. इंजिन घडवणाऱ्यांची खरी झटापट मात्र हवेशी चालते. पेट्रोल हवं तेवढं सिलिंडरमध्ये फवारता येतं, त्याला जागा जेमतेम लागते. हवेला भरपूर जागा लागते आणि सिलिंडरची जागा तर ठरलेली. वजनात बोलायचं तर १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा हवी. तेवढी हवा नसेल तर वरचं पेट्रोल जळतच नाही, धुराबरोबर बाहेर पडतं. म्हणून इंजिनाची ताकद शेवटी एका प्रश्नावर येऊन ठेपते: एका मिनिटात ते किती हवा आत घेऊ शकतं?

जास्त हवा मिळवण्याचे मार्ग तीन. इंजिन मोठं करायचं, ते जास्त वेगाने फिरवायचं, किंवा आत जाणारी हवा आधीच दाबून घट्ट करायची. पहिल्या मार्गाने इंजिन जड होतं. दुसऱ्याने आवाज आणि झीज वाढते, शिवाय रोजच्या रस्त्यावर ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्यांना) गाडी कुणी चालवत नाही. तिसरा मार्ग म्हणजे टर्बो.

हिशेब मांडून पाहिला की यातली गंमत कळते. एक लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांना एक लिटर हवा ओढतं. म्हणजे २००० आरपीएमला मिनिटाला १००० लिटर, वजनाने साधारण १.२ किलो. तीच हवा दुप्पट दाबाने भरली तर त्याच एक लिटरच्या जागेत जवळपास दुप्पट हवा मावते आणि दुप्पट पेट्रोल जळू शकतं. त्या क्षणी ते इंजिन टर्बो नसलेल्या दोन लिटरच्या इंजिनाइतकं काम करतं. टर्बो नसलेल्या इंजिनाला पुढे मी 'साधं इंजिन' म्हणणार आहे. त्यात कमीपणाचा अर्थ नाही. पिस्टन खाली सरकताना जी ओढ तयार होते, तेवढ्याच ओढीवर ते हवा घेतं, इतकंच.

मग सरळ मोठंच इंजिन का नको?

कारण मोठ्या ताकदीची गरज आपल्याला फार थोडा वेळ असते. मध्यम आकाराची गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने धावत ठेवायला १५ ते २० किलोवॅट पुरतात. शहरातल्या चालीत सरासरी गरज याहूनही कमी. त्याच गाडीच्या इंजिनाची कमाल ताकद मात्र ७५ ते ९० किलोवॅट असते. ती लागते ओव्हरटेक करताना, घाट चढताना, वेगवान रस्त्यावर बाजूने येऊन मिसळताना. बाकी सगळा काळ इंजिन आपल्या कुवतीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर चालत असतं.

पेट्रोल इंजिनात ताकद कमी करायची म्हणजे हवा अडवायची. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की थ्रॉटलची पाकळी मिटत जाते आणि हवेची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा ओढायला पिस्टनला जोर लावावा लागतो, आणि तो जोर पेट्रोल जाळूनच येतो. इंजिन जेवढं मोठं आणि काम जेवढं हलकं, तेवढी थ्रॉटल जास्त मिटलेली आणि तेवढा हा तोटा मोठा. त्यात जास्त सिलिंडर, जास्त पिस्टन, जास्त बेअरिंग यांचं घर्षण आलंच. छोट्या इंजिनाला तेवढंच काम करायला थ्रॉटल बरीच उघडी ठेवावी लागते, त्यामुळे हा तोटा घटतो. थोडक्यात, हळू चालताना गाडीत छोटं इंजिन असावं आणि जोर लागेल तेव्हा मोठं, अशी ही इच्छा आहे. उत्पादक याला डाउनसायझिंग म्हणतात.

कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचार्जरचं पेटंट घेतलं. १९२० च्या दशकात तो जहाजांच्या डिझेल इंजिनांवर बसला, दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांवर. घरच्या मोटारीत तो विश्वासाने बसायला मात्र पुढे कित्येक दशकं लागली. त्याचं कारण उष्णतेत आहे.

धुरातली ताकद

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गरम धुराबरोबर बाहेर निघून जातो. टर्बो त्यातला थोडा हिस्सा परत मिळवतो. त्याची रचना ऐकायला सोपी आहे: एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं. सिलिंडरमधून बाहेर पडणारा धूर पहिल्या चाकावर आदळतो आणि ते फिरवतो, ते झालं टर्बाइन. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा खेचून दाबतं आणि इंजिनाकडे ढकलतं, तो कॉम्प्रेसर. ही ताकद अगदी फुकट असते असं नाही. धुराच्या वाटेत टर्बाइन आडवं आल्यामुळे पिस्टनला धूर बाहेर ढकलायला थोडे जास्त कष्ट पडतात. तरी एकूण व्यवहार बराच फायद्याचा ठरतो.

सोपं ऐकू येणारं हे यंत्र प्रत्यक्षात किती टोकाला चालतं, याचं मला नेहमीच आश्चर्य वाटतं. छोट्या मोटारीच्या टर्बोची चाकं जेमतेम चार सेंटिमीटर व्यासाची असतात आणि पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतात. गुणाकार केला तर चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या पुढे जातो, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. पेट्रोल इंजिनात टर्बाइनवर येणारा धूर ९५० अंश सेल्सिअसपर्यंत, काही इंजिनांत त्याच्याही वर तापलेला असतो. बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा बॉल बेअरिंगवर नसतो. तो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण छोट्या टर्बो गाडीच्या देखभालीचं बरंचसं शास्त्र त्यात आलं.

दाब किती वाढू द्यायचा यावर वेस्टगेट नावाची झडप लक्ष ठेवते. दाब पुरेसा झाला की ती धुराला टर्बाइनच्या बाजूने वाट करून देते. ही झडप नसती तर धूर जास्त म्हणून दाब जास्त आणि दाब जास्त म्हणून धूर जास्त, असं चक्र इंजिन फुटेपर्यंत चाललं असतं.

आता उष्णतेकडे येऊ. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, तसंच इथेही होतं. हवा दाबली की तापते. बाहेर २५ अंश तापमान असताना हवा दुप्पट दाबापर्यंत नेली तर कॉम्प्रेसरमधून ती सहज १०० अंशांच्या पलीकडे तापून बाहेर पडते. तापलेली हवा फुगते, म्हणजे एवढा खटाटोप करून मिळवलेल्या घट्टपणाचा मोठा भाग हातचा जातो. म्हणून हवा सिलिंडरकडे जाण्याआधी इंटरकूलरमधून नेतात. इंटरकूलर हा हवेसाठीचा रेडिएटर. तो तिला पुन्हा ५० अंशांच्या आसपास आणतो आणि तेवढ्यानेच हवेची घनता पाचव्या हिश्शाने वाढते.

हवा गरम असण्याचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की ज्वाळा एका बाजूने सुरू होऊन सिलिंडरभर पसरत जाते. ती पसरत असताना पलीकडचं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. फार तापलं तर ज्वाळा पोचण्याआधीच ते आपोआप पेटतं. पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा कडक आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. हे वारंवार झालं तर पिस्टन आणि रिंगा तुटतात.

सुरुवातीच्या टर्बो मोटारींचं सगळं घोडं इथेच अडलं. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिलची जेटफायर आणि शेवरलेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या दोन टर्बो गाड्या आल्या. जेटफायरने नॉकिंगवर असा उपाय काढला की हवेच्या वाटेत पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारायचं. बाष्प होताना ते उष्णता शोषून घेई. त्यासाठी गाडीत वेगळी टाकी होती आणि ती मालकाने भरायची होती. बरेच जण ती भरायचे विसरत, मग टर्बोचा दाब कमी केला जाई आणि गाडी मंदावे. दोन वर्षांतच ती बंद झाली. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोने वेगळी वाट धरली: सिलिंडरमधलं कॉम्प्रेशनच, म्हणजे ठिणगीआधी पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, ६.९ ला १ इतकं खाली आणलं. नॉकिंग टळलं, पण टर्बो जागा होईपर्यंत इंजिन अगदी निर्जीव, आणि जागा झाला की एकदम धक्का. रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला असा स्वभाव परवडत नाही. साबने १९७० च्या दशकाच्या शेवटी ९९ टर्बोमध्ये छोटा, लवकर जागा होणारा टर्बो आणि वेस्टगेट वापरला आणि टर्बो रोजच्या चालीत उपयोगी पडू शकतो हे दाखवून दिलं.

खरं वळण आलं ते डायरेक्ट इंजेक्शनने. त्याआधीच्या पद्धतीत पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत, ३-४ बार दाबाने फवारलं जातं (१ बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते थेट सिलिंडरच्या आत जातं, २०० ते ३५० बारच्या दाबाने. आत गेल्यावर त्याचं बाष्प होताना आतली हवाच थंड होते. जेटफायरला ज्यासाठी वेगळी टाकी लागत होती, ते काम इथे पेट्रोल स्वतःच करतं. त्यामुळे टर्बो असूनही कॉम्प्रेशन १० ला १ च्या आसपास ठेवता आलं आणि टर्बो जागा नसतानाही इंजिनात जीव राहिला. फोक्सवॅगनने २०१७ च्या सुमारास आणलेल्या १.५ लिटर टीएसआयच्या एका प्रकारात तर व्हॉल्व्ह लवकर मिटवण्याची युक्ती वापरून हे प्रमाण १२.५ ला १ पर्यंत नेलं. त्याला जोड मिळाली नॉकिंग ऐकणाऱ्या सेन्सरची आणि क्षणाक्षणाला ठिणगीची वेळ बदलणाऱ्या संगणकाची. २०१२ मध्ये फोर्डचं ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं इकोबूस्ट आलं, तेव्हा १२५ पीएस (सुमारे ९२ किलोवॅट) देणारं एक लिटरचं इंजिन कुटुंबाच्या गाडीत बसू शकतं हे लोकांना पटलं.

तीनच सिलिंडर का, असाही प्रश्न येतो. घर्षण कमी आणि इंजिन आखूड, ही दोन कारणं उघड आहेत. तिसरं कमी माहीत असलेलं कारण असं की तीन सिलिंडरमधला धूर इंजिनाचा दांडा दर २४० अंश फिरल्यावर, एकमेकांच्या वाटेत न येता टर्बाइनवर जातो, त्यामुळे टर्बोला चांगला झोत मिळतो. तोटा म्हणजे इंजिन पुढे-मागे डोलतं. बॅलन्स शाफ्ट (उलट झोका देणारा दांडा) बसवून किंवा फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचं जड चाक, मुद्दाम थोडं असमतोल ठेवून ते डोलणं कमी करतात. उभ्या गाडीत, एसी चालू असताना सीटवर जाणवणारी हलकी थरथर त्यातूनच उरलेली असते. तो बिघाड नव्हे.

चालवताना काय बदलतं

आकडे शेजारी ठेवून पाहू. ह्युंदाईच्या ९९८ सीसी टर्बो इंजिनाचा कमाल टॉर्क १७२ न्यूटन मीटर आहे आणि तो १५०० पासून ४००० आरपीएमपर्यंत सलग मिळतो. त्याच कंपनीच्या १.२ लिटर साध्या इंजिनाचा कमाल टॉर्क ११५ च्या जवळपास, तोही ४००० आरपीएमच्या आसपास. चाकांना ओढणारा जोर म्हणजे टॉर्क. तो खालच्या फेऱ्यांनाच मिळाल्यामुळे चढावर गिअर सतत खाली टाकावा लागत नाही आणि ओव्हरटेक करताना इंजिन ओरडत नाही. टर्बो गाडी चालवून उतरलेला माणूस "पिकअप मस्त आहे" म्हणतो, तेव्हा तो कमाल पॉवरबद्दल बोलत नसतो. खालच्या फेऱ्यांतला हा भरलेला टॉर्क त्याला आवडलेला असतो.

उंचीवरही फरक जाणवतो. समुद्रसपाटीपासून ३००० मीटरवर हवा सुमारे पाव हिश्शाने विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात उतरते. टर्बो थोडा जास्त वेगाने फिरून ही तूट बरीचशी भरून काढतो.

पण १५०० आरपीएमच्या खाली काय? तिथे धूर इतका कमी असतो की टर्बो जवळजवळ काहीच करत नाही. त्या पट्ट्यात तुमच्याकडे खरोखरच एक लिटरचं, कमी कॉम्प्रेशनचं इंजिन असतं आणि ते १२०० किलोची गाडी ओढत असतं. गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना पाय दाबला तर क्षणभर काही होत नाही, मग गाडी एकदम पुढे सरकते. या क्षणाला टर्बो लॅग म्हणतात. चाक वेग घेईपर्यंत लागणारा हा वेळ आहे. चाकं हलकी करून, टर्बाइनभोवतीची पाती गरजेनुसार वळवून, किंवा ४८ व्होल्टच्या छोट्या मोटरने सुरुवातीचा जोर देऊन तो कमी करतात. तो पूर्ण गेलेला मात्र नाही. ज्यांची बहुतेक चाल थांबत-रांगत होते, त्यांना सरळ रेषेत ताकद वाढवणारं साधं इंजिन किंवा हायब्रिड जास्त सुखाचं वाटेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

मायलेजचं खरं काय

"एवढं छोटं इंजिन, तरी मायलेज कंपनी म्हणते तेवढं येत नाही." ही तक्रार खरी आहे आणि तिचं कारण इंजिनाच्या स्वभावातच आहे.

टर्बो इंजिन छोट्या इंजिनाइतकं पेट्रोल पितं ते छोट्या इंजिनासारखं चालवलं तरच. दाब तयार झाला की दुप्पट हवा आली, आणि दुप्पट हवेला दुप्पट पेट्रोल लागणारच. त्यात आणखी एक गोष्ट घडते. पूर्ण जोरात धूर इतका तापतो की टर्बाइनला धोका होतो, म्हणून संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारतो. ते वरचं पेट्रोल जळत नाही, फक्त बाष्प होऊन धूर थंड करतं. भरधाव वेगात किंवा गाडी गच्च भरून लांब चढ चढताना मायलेज धाडकन खाली येतं ते यामुळे. अलीकडे धुराची नळी सिलिंडर हेडमध्येच घालून तिच्याभोवती कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरवतात, त्यामुळे ही उधळपट्टी कमी झाली आहे, पण थांबलेली नाही.

कागदावरचे आकडे फुगले ते जुन्या चाचणीमुळे. युरोपात वापरल्या जाणाऱ्या एनईडीसी चाचणीत गाडी शून्यापासून ताशी ५० किलोमीटरवर न्यायला तब्बल २६ सेकंद मिळत. इतक्या हळुवार चालीत टर्बोवर भार येतच नसे आणि छोटं इंजिन आपली सर्वांत चांगली बाजू दाखवत असे. कार्बन डायऑक्साइडचे नियम त्याच चाचणीवर बेतलेले, त्यामुळे कंपन्यांनी इंजिनं आणखी लहान केली. सप्टेंबर २०१७ पासून युरोपात नव्या मॉडेलांसाठी डब्ल्यूएलटीपी ही जास्त वेगाची, जास्त खरी चाचणी आली आणि इंजिन लहान करण्याची ही धाव थोडी थंडावली. माझदासारख्या कंपनीने तर स्कायॲक्टिव्ह-जी मालिकेत टर्बोशिवाय १४ ला १ पर्यंत कॉम्प्रेशन नेऊन वेगळा मार्ग धरला होता. जड गाडीला अगदी चिमुकलं इंजिन लावलं तर ते सतत दाबाखालीच राहतं आणि डाउनसायझिंगचा हेतूच बाजूला पडतो. गाडी निवडताना सीसी किती यापेक्षा त्या सीसीवर किती किलो ओझं आहे हे पाहणं जास्त उपयोगी.

ऑइल, ऑइल आणि पुन्हा ऑइल

आता त्या ऑइलच्या थराकडे परत येऊ. मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच. ही इंजिनं नाजूक असतात असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. पण साधं इंजिन हलगर्जीपणा जितका माफ करतं, तितका हे करत नाही.

एकच ऑइल इथे पिस्टनला वंगण देतं, टर्बोचा दांडा तरंगत ठेवतं, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा हलवतं आणि टर्बोची उष्णता बाहेर नेतं. जास्त तापलेलं ऑइल जळून त्याचा कडक थर बसतो आणि टर्बोकडे जाणारी बारीक नळी चोंदते. दांड्याला ऑइल मिळेनासं झालं की दोन लाख आरपीएमला तो फार काळ टिकत नाही. टर्बो गेला म्हणून बदलायचा आणि चोंदलेली नळी तशीच ठेवायची, असं झालं तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो.

म्हणून ऑइल बदलण्यात दिरंगाई नको. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेड आणि दिलेला दर्जा, दोन्ही जुळलेच पाहिजेत. नुसतं "फुल सिंथेटिक आहे" एवढं पुरत नाही. चाल मुख्यतः गर्दीतली, धुळीतली किंवा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांची असेल तर पुस्तिकेत "कठीण परिस्थिती"साठी वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं. बहुतेक लोक त्या गटात मोडतात आणि त्यांना ते माहीत नसतं.

छोट्या फेऱ्यांचा त्रास वेगळा समजून घ्यायला हवा. थंड इंजिनात डायरेक्ट इंजेक्शनचं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. लांब चालीत ऑइल तापलं की ते उडून जातं. रोज दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली तर ते साठत जातं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला तर खूश होऊ नका, ते बदलून घ्या. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी नीट तापू द्या.

दुसरा मुद्दा अनेकांना उलटा वाटेल. मायलेजसाठी लवकर वरचा गिअर टाकून खालच्या फेऱ्यांना गाडी रेटण्याची सवय साध्या इंजिनात चालून जायची. छोट्या टर्बोत १२००-१५०० आरपीएमला पाचव्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला, तर टर्बो जागा होऊ लागतो, सिलिंडरमध्ये दाब प्रचंड वाढतो आणि पिस्टन मात्र हळू हलत असल्यामुळे मिश्रणाला तापायला भरपूर वेळ मिळतो. अशा वेळी ऑइलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतो. याला लो-स्पीड प्री-इग्निशन, इंग्रजी आद्याक्षरांनी एलएसपीआय म्हणतात. नेहमीच्या नॉकिंगपेक्षा हा तडाखा कितीतरी मोठा असतो, एखाद-दुसऱ्या घटनेतही पिस्टन तडकू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या घटकांमुळे हा धोका वाढतो असं संशोधनातून दिसलं, म्हणून ऑइलचं रसायनच बदलण्यात आलं. २०१८ मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी हे दर्जे आले ते मुख्यतः याच कारणाने. डब्यावर एसपी लिहिलंय का ते पाहणं ही बारीकसारीक गोष्ट नाही. आणि जोर हवा असेल तेव्हा आधी एक गिअर खाली टाका, मग पाय दाबा.

गाडी बंद करण्याआधी इंजिन थोडं चालू ठेवावं का? जुन्या टर्बोंसाठी ही सक्त सूचना असायची. आता बहुतेक टर्बोंच्या मधल्या भागातून कूलंट फिरतं आणि अनेक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा पंप ते फिरवत राहतो. शहरातून आरामात घरी आलात तर थांबायची काही गरज नाही. लांब घाट चढून किंवा भरधाव येऊन लगेच थांबलात, तर मिनिटभर चालू ठेवा. थंड इंजिनाला पहिली काही मिनिटं जोर देऊ नका, हे त्याहून महत्त्वाचं.

काही गोष्टी झटपट सांगतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, त्यामुळे तिथे काजळी साठते. काही लाख किलोमीटरच्या आयुष्यात ती एकदा-दोनदा साफ करावी लागू शकते. काही कंपन्या म्हणूनच दोन्ही प्रकारचे इंजेक्टर लावतात. काही छोट्या टर्बो इंजिनांत टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा, ऑइलमध्ये बुडालेला असतो. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ लिटर प्युअरटेक ही त्याची ठळक उदाहरणं. चुकीच्या किंवा पेट्रोल मिसळलेल्या ऑइलमध्ये तो बेल्ट फुगतो, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाची जाळी चोंदते. पुढच्या आवृत्त्यांमध्ये दोन्ही कंपन्यांनी टायमिंगसाठी चेन आणली. आपल्या गाडीत बेल्ट कोणता आहे आणि तो कधी बदलायचा, हे विचारून लिहून ठेवा.

नवी गाडी घेत असाल तर टेस्ट ड्राइव्ह एकट्याने, रिकाम्या गाडीत करू नका. घरची चार माणसं बसवा, एसी लावा आणि एखादा चढ मुद्दाम गाठा. दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू रांगा आणि तिथून पाय दाबून पाहा. टर्बो जागा होईपर्यंतचा तो क्षण तुम्हाला खटकतो का, हे शोरूमभोवतीच्या फेरीत कळत नाही. जुनी गाडी घेत असाल तर इंजिन पूर्ण थंड असताना ते सुरू करून ऐका. सुरुवातीचे काही सेकंद खडखड आली तर चेन सैल असू शकते, निळा धूर आला तर ऑइल जळतंय. जोर देताना टर्बोची बारीक शीळ ऐकू येणं ठीक आहे, सायरनसारखी चढत जाणारी किंकाळी मात्र बेअरिंग झिजल्याची खूण. ऑइल कधी आणि कोणतं बदललं याच्या नोंदी मागा. त्या नसतील तर गाडी कितीही चकचकीत असो, मी ती घेणार नाही.